मच्छीमारांचे साप्ताहिक कसे उभारावे: कोकण किनाऱ्यासाठी सविस्तर पूर्वतयारी

दापोली तालुक्यातील हर्णै बंदरात सकाळी आणि सायंकाळी मासळीचा लिलाव होतो, आणि मासळी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्या स्त्रीला या दोन लिलावांच्या मधल्या वेळातच काय ती थोडी उसंत मिळते. ज्या वृत्तपत्राला तिच्यापर्यंत पोहोचायचे आहे, त्याने आपल्या कामाची आखणी तिच्या या वेळापासून सुरू करावी, असे माझे मत आहे. किनाऱ्यावरील एका लहान साप्ताहिकाच्या उभारणीत मी काही वर्षे काम केले. त्या काळात आम्ही अंकाची सजावट, नावाची अक्षरे आणि अग्रलेखाचा सूर यांवर महिनेच्या महिने चर्चा केली. पण गठ्ठा कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या जेटीवर उतरणार, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात हाती घेतला. त्याची किंमत पहिल्या अंकालाच मोजावी लागली. छपाईला तीन तास उशीर झाला, एसटी चुकली, आणि लिलाव संपून वाळूवर शुकशुकाट झाल्यावर अंक उतरले. पुढील मजकूर तो क्रम उलटा लावण्यासाठी आहे.

वाचक निश्चित करणे

‘मच्छीमार’ हा एकच वाचक नाही. कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी अशा अनेक समाजांची माणसे या व्यवसायात आहेत. त्यांच्यात होडीचा मालक वेगळा, होडी चालवणारा तांडेल वेगळा आणि खलाशी वेगळा. रत्नागिरीच्या बंदरात तर नेपाळहून आलेले खलाशीही काम करतात, ज्यांना मराठी बोलता आले तरी वाचता येईलच असे नाही. किनाऱ्यावरून रापण नावाचे जाळे ओढणारे, मासळीचा थवा वेढून पकडणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्याचे मालक, सुकी मासळी करणाऱ्या स्त्रिया, बर्फ कारखानदार, निर्यातीसाठी खरेदी करणारे व्यापारी या सर्वांचा समुद्र एकच असला, तरी त्यांचे हितसंबंध अनेकदा परस्परविरोधी असतात. सर्वांसाठी म्हणून काढलेला अंक अखेरीस कोणाच्याच घरात जपून ठेवला जात नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणून एक मुख्य वाचक निवडावा आणि तो लिहून ठेवावा. माझी शिफारस अशी की, लहान यांत्रिक होडीचा मालक-तांडेल आणि त्याच्या घरातील मासळी विकणारी स्त्री या दोघांना मिळून मुख्य वाचक मानावे. या घरात पैशाचा व्यवहार बहुधा स्त्रीच्या हाती असतो, वर्गणीचा निर्णय तीच घेते, आणि अंक मोठ्याने वाचून दाखवणारे शाळकरी मूलही याच घरात असते. पर्ससीनवाले, व्यापारी, अधिकारी अंक वाचतील, त्यांनी वाचावाही. मात्र एखादी बातमी घ्यावी की नाही, हे या घराकडे पाहून ठरवावे.

त्यानंतर किमान सहा बंदरांत फिरावे. हर्णै, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण, वेंगुर्ले यांतून निवड करता येईल, पण ती करताना एखादे मोठे बंदर आणि एखादी लहान वाडी दोन्ही येतील असे पाहावे. प्रत्येक ठिकाणी वीस जणांशी बोलल्यास सव्वाशेच्या आसपास संभाषणे होतात, आणि सुरुवातीला तेवढी पुरतात. ‘आम्ही पेपर काढला तर वाचाल का’ असे मात्र कोणालाही विचारू नये, कारण कोकणात दारी आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही आणि त्या होकारावर विसंबून काढलेला खपाचा अंदाज हमखास फसतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या आठवड्यात कोणती माहिती वेळेवर मिळाली नाही, ती अखेर कोणाकडून कळली, आणि उशिरामुळे किती नुकसान झाले. डिझेल परताव्याचा अर्ज कोठे अडला आहे, कोणत्या बंदरात सुरमईला काल काय दर मिळाला, होडीच्या परवान्याच्या नूतनीकरणाला कोणते कागद लागतात, अशी उत्तरे वहीत जमू लागली की अंकातील निम्मी सदरे आपोआप ठरतात. याच फेरीत वार्षिक वर्गणीची पावती पुस्तके सोबत ठेवावीत. आगाऊ वर्गणी देणारी माणसे सव्वाशेपैकी पंधरा निघाली तरी तो आकडा शंभर तोंडी होकारांपेक्षा अधिक विश्वासाचा आहे. ही रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी, आणि अंक निघाला नाही तर ती परत करण्याचे लेखी आश्वासन पावतीवरच छापावे.

समुद्राच्या पंचांगाप्रमाणे वेळापत्रक

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. वृत्तपत्राच्या दृष्टीने हा काळ फार मोलाचा आहे, कारण होड्या शाकारलेल्या असतात, जाळी विणण्या-सांधण्याचे काम ओटीवर बसून चालते आणि माणसे बोलायला मोकळी असतात. त्यांच्या हाती रोकड मात्र नसते. म्हणून या दोन महिन्यांत वर्गणीचा आग्रह धरू नये. या काळात नमुना अंक काढावा, तो फुकट वाटावा, आणि त्यावर काय बोलले जाते ते ऐकावे.

पूर्वतयारीचा आराखडा त्यामुळे साधारण असा बनतो: दिवाळीनंतर बंदरांची फेरी, जानेवारीत नावाचा व नोंदणीचा अर्ज, मार्च-एप्रिलमध्ये वार्ताहर व विक्रेते निश्चित करणे, जूनमध्ये नमुना अंक, आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात पहिला नियमित अंक. बंदी कायद्याने ३१ जुलैला उठत असली, तरी अनेक वाड्यांत समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून हंगाम खऱ्या अर्थाने सुरू झाला असे मानले जात नाही. अंक नेमका पौर्णिमेच्या दिवशी काढण्याचा मोह आवरावा. त्या दिवशी वाचायला कोणालाही सवड नसते. गणपतीला मुंबईहून चाकरमानी गावी येतात, आणि आईवडिलांच्या नावाने वर्षाची वर्गणी भरणारा सर्वांत मोठा वर्ग तोच आहे, म्हणून चतुर्थीच्या आधीचा अंक जादा प्रतींचा असावा. शिमग्यालाही हीच संधी पुन्हा मिळते.

वार निवडताना वाड्यांची रीत विचारात घ्यावी. ज्या वाड्यांत शुक्रवारी होड्या बंदरात राहतात, तेथे गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी पोहोचलेला अंक निवांत वाचला जातो. अन्य ठिकाणी आठवडा बाजाराचा दिवस सोयीचा ठरतो. संपूर्ण किनाऱ्याला एकच वार सोयीचा होणार नाही. जेथे वर्गणीदार अधिक, तेथील सोय पाहावी.

अंकात काय असावे आणि काय नसावे

आठवड्यातून एकदा निघणाऱ्या पत्राने रोजच्या हवामानाचा इशारा छापू नये. भारतीय हवामान विभागाचा वादळी वाऱ्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून मिळणारी लाटांच्या उंचीची व संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती काही तासांत जुनी होते, आणि शिळा इशारा वाचून कोणी होडी लोटली तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. असे इशारे मोबाइलवरील संदेशाने पाठवावेत. छापील अंकात ते कसे वाचायचे, कोणत्या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे समजावून सांगावे. भरती-ओहोटीचे कोष्टक मात्र आठवडाभर आधी छापता येते आणि ते छापलेच पाहिजे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावर सर्वांना तोंडपाठ आहे. तो ढोबळ आहे, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकांवरून आपल्या बंदरांच्या वेळा घ्याव्यात आणि सोबत तिथी द्यावी. उधाणाचे (मोठ्या भरतीचे) आणि भांगाचे (लहान भरतीचे) दिवस ठळक अक्षरांत दाखवावेत. हा तक्ता कापून होडीत किंवा स्वयंपाकघरात लावता येईल अशा जागी, म्हणजे शेवटच्या पानाच्या बाहेरील कडेला असावा. ज्या पानाची अशी कात्रणे होतात, त्या पत्राची वर्गणी सहसा बंद होत नाही.

दुसरे महत्त्वाचे सदर म्हणजे दरपत्रक. प्रत्येक बंदरातील एका जबाबदार व्यक्तीकडून आठवड्यातील ठरलेल्या दोन दिवशी पापलेट, सुरमई, बांगडा, तारली, कोळंबी, म्हाकूल आदींचे किमान व कमाल दर घ्यावेत, आणि ते कोणत्या दिवसाचे, कोणत्या लिलावाचे, हे स्पष्ट नमूद करावे. येथे नावांचा प्रश्न येतो. मालवणकडे तारलीला पेडवे म्हणतात, कोळंबीला सुंगटां म्हणतात आणि सुरमईला इसवणही म्हटले जाते. पहिल्या वर्षी दोन्ही नावे शेजारी शेजारी छापावीत.

तिसरे सदर कागदपत्रांचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात घरे, बागा आणि होड्या यांची मोठी हानी झाली. वादळाच्या बातम्या सर्व वृत्तपत्रांत होत्या. पण पंचनाम्याच्या वेळी होडीचा कोणता कागद समोर ठेवायचा, अर्ज कोणाच्या नावे करायचा, हे विचारत माणसे कार्यालयांतून फिरत राहिली. मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजना, १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आणि त्यातील २०२१ च्या सुधारणा, परवाने, दंड, विमा यांपैकी एकच विषय दर अंकात घेऊन तो प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडावा, आणि छापण्यापूर्वी संबंधित कार्यालयातून व एखाद्या अनुभवी संस्था-सचिवाकडून, असा दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावा. शास्त्रीय विषयांसाठी रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयातील तज्ज्ञांची मदत मागता येते.

पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्ष, प्रकाशझोतातील मासेमारी, परराज्यांतील नौकांची घुसखोरी या विषयांवर भूमिका घ्यावी लागेल, आणि ती घ्यावीच. बातमी आणि मत यांची पाने मात्र वेगळी ठेवावीत. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे त्याच अंकात यावे, आणि ते मिळवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांची तारीख-वेळ वार्ताहराच्या वहीत नोंदलेली असावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे, आणि लहान पत्राला एका खटल्याच्या तारखाही परवडत नाहीत. चुकीची दुरुस्ती पहिल्या अंकापासून ठरलेल्या एकाच जागी छापावी.

भाषेबद्दल थोडे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे जन्मगाव असलेल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर शेजारी शेजारी छापला, कारण त्यांना दोन्ही भाषांच्या वाचकांपर्यंत पोहोचायचे होते. आपल्या पत्रातही प्रमाण मराठीच्या बातमीशेजारी मालवणी, संगमेश्वरी किंवा दालदी बोलीतील एखादे पत्र, एखादी आठवण सन्मानाने येऊ शकते. अक्षर मोठे असावे. मजकुरासाठी १२ पॉइंटपेक्षा लहान टाइप वापरू नये, कारण हा अंक कंदिलासारख्या उजेडातही वाचला जातो आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांनीही.

नोंदणी

१८६७ चा जुना मुद्रण व पुस्तक नोंदणी कायदा आता इतिहासजमा झाला असून त्याच्या जागी वृत्तपत्रे व नियतकालिके नोंदणी अधिनियम, २०२३ हा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. शीर्षक व नोंदणी यांचा अर्ज एकत्रच ‘प्रेस सेवा पोर्टल’वर ऑनलाइन करायचा असतो; पूर्वीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे समक्ष जाऊन घोषणापत्र करण्याची गरज राहिलेली नाही. अर्ज जिल्हा प्रशासनाकडेही जातो आणि त्यांच्या अभिप्रायासाठी ६० दिवसांची मुदत आहे, म्हणून वर जानेवारी महिना सुचवला. देशात कोठेही मराठीत, किंवा महाराष्ट्रात कोणत्याही भाषेत, आधीच घेतलेल्या शीर्षकाशी जुळणारे नाव मिळत नाही. ‘सागर’, ‘किनारा’, ‘कोकण’ हे शब्द असलेली नावे सर्वांनाच सुचतात, म्हणून पोर्टलवर शोध घेऊन पाच पर्याय पसंतीक्रमाने तयार ठेवावेत आणि नाव मंजूर होईपर्यंत त्या नावाचे फलक, पावत्या छापू नयेत. त्या काळात वर्गणी घेतल्यास साध्या पावतीवर ‘नियोजित साप्ताहिक’ असे लिहावे.

प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि छपाईचे व प्रकाशनाचे ठिकाण द्यावे लागते. वार्षिक विवरणपत्र वेळेवर सादर करावे. १९५४ च्या ग्रंथालयांना पुस्तके व वृत्तपत्रे देण्याच्या कायद्यानुसार प्रत्येक अंकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरवून दिलेली ग्रंथालये यांना पाठवायच्या असतात. अनेक लहान पत्रे याकडे दुर्लक्ष करतात आणि पुढे त्यांचा एकही संच कोठे शिल्लक राहत नाही, याची मला फार खंत वाटते.

हिशेब

पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष दर आपल्या छापखान्याकडून घ्यावेत. वर्षाला ५० अंक, प्रत्येकी आठ टॅब्लॉइड पाने, १,५०० प्रती आणि प्रतिप्रत छपाईखर्च ६ रुपये धरल्यास वर्षाची छपाई ४,५०,००० रुपये होते. वार्षिक वर्गणी ३५० रुपये आणि वर्गणीदार ८०० धरले तर २,८०,००० रुपये येतात. सुट्या ५०० प्रती ८ रुपयांनी विकल्या आणि विक्रेत्याला ३० टक्के कमिशन दिले, तर सर्व प्रती खपल्या असे मानूनही १,४०,००० रुपये हाती राहतात. उरलेल्या २०० प्रती भेट व नमुना म्हणून जातात. म्हणजे छपाईतच ३०,००० रुपयांची तूट आहे. त्यात मानधन व प्रवास दरमहा ३०,००० म्हणजे वर्षाला ३,६०,००० आणि अंकांची वाहतूक ६०,००० मिळवल्यास ४,५०,००० रुपये जाहिरातींतून उभे करावे लागतात. दर अंकाला ९,००० रुपये. हा शेवटचा आकडा कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा, कारण प्रत्येक आठवड्याचे यश त्यावरूनच मोजायचे आहे.

या जाहिराती कोठून येतील? जाळी व दोरखंडाचे विक्रेते, इंजिन दुरुस्तीवाले, फायबरच्या होड्या बांधणारे, रंगवाले, बर्फ कारखाने, पतसंस्था आणि मच्छीमार सहकारी संस्था. जून-जुलैत मासळीचा व्यवहार थांबला तरी डागडुजीचा व्यवहार तेव्हाच होत असल्याने, यांतील निम्मे जाहिरातदार नेमके बंदीच्या काळात जाहिरात द्यायला राजी असतात. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. श्रद्धांजली, वाढदिवस आणि अभिनंदनाच्या लहान जाहिराती कमी लेखू नयेत. कोणत्याही एका जाहिरातदाराचा वाटा वर्षाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होऊ देऊ नये, विशेषतः तो नौकांचा मोठा मालक किंवा राजकीय पुढारी असेल तर. शासकीय जाहिरातींच्या यादीत येण्यासाठी नियमित प्रकाशनाचा काळ आणि इतर अटी पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे पहिल्या अंदाजपत्रकात ते उत्पन्न शून्य धरावे. अंकाच्या विक्रीवर जीएसटी नसला तरी जाहिरातीच्या जागेवर तो आकारला जातो, म्हणून लेखापालाशी आधीच बोलून घ्यावे.

छपाई आणि वाटप

कागदाच्या रिळावर छापणारे वेब ऑफसेट यंत्र वेगवान असते, पण रंग व पट्टी जुळेपर्यंत त्यावर शेकडो प्रती वाया जातात. दीड हजार प्रतींसाठी सुट्या कागदावरच्या ऑफसेट छपाईचाही दर मागवून दोन्हींची तुलना करावी. कोल्हापूरला छपाई स्वस्त पडली, तरी अंक आंबा घाटातून उतरणार आहे आणि पावसाळ्यात दरड कोसळल्यास तो वरच अडकेल, याचा विचार करून रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळ परिसरातील एका छापखान्याशी पर्यायी बोलणी करून ठेवावीत.

नकाशावर सलग दिसणारा हा किनारा खाड्यांनी तोडलेला आहे. दाभोळहून धोपावे समोर दिसते. पण फेरीबोट नसेल तर वाशिष्ठी खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. जयगड आणि तवसाळ यांच्यामध्येही तसेच. म्हणून वाटपाचे विभाग तालुक्यांप्रमाणे न आखता खाड्यांप्रमाणे आखावेत: एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत एक विभाग, एक उपविक्रेता, एसटीचे एक ठरलेले पार्सल आणि फेरीची एक ठरलेली वेळ. प्रत्येक गठ्ठ्यावर बंदराचे नाव, प्रतींची संख्या आणि उतरवून घेणाऱ्याचा मोबाइल क्रमांक असावा. विक्रीचे ठिकाण वृत्तपत्राचा स्टॉल असलेच पाहिजे असे नाही. जेटीवरील चहाची टपरी, डिझेल देणारी सहकारी संस्था, जाळ्यांचे दुकान येथे अंक अधिक खपतो. न खपलेल्या प्रती पहिले तीन महिने परत घ्याव्यात, त्यांची मोजदाद ठेवावी आणि मगच प्रत्येक ठिकाणची संख्या कायम करावी.

मुंबईच्या वर्गणीदारांना अंक टपालाने जाईल. आठ टॅब्लॉइड पानांचा अंक नेहमीच्या वर्तमानपत्री कागदावर सुमारे २२ ग्रॅम भरतो. नोंदणीकृत वृत्तपत्रांना टपाल खात्याची सवलत मिळते. तिचा अर्ज पत्राची नोंदणी हाती येताच विभागीय टपाल कार्यालयात करावा.

नमुना अंक आणि पहिले आठ आठवडे

नमुना अंक संपूर्ण असावा: खऱ्या बातम्या, खरे दर, खरे भरती-कोष्टक, आणि ठरलेल्या वेळेतच छापून ठरलेल्या मार्गानेच पाठवलेला. मजकूर चांगला झाला का, एवढीच ही परीक्षा नसते. रात्री किती वाजता पाने छापखान्यात गेली, गठ्ठा कोठे रेंगाळला, कोणत्या वार्ताहराचे दर आलेच नाहीत, याची मिनिटांसह नोंद करावी आणि एका आठवड्याच्या अंतराने दुसरा नमुना अंक काढून त्यातील किती चुका सुधारल्या ते पाहावे. दोन्ही वेळा अंक वेळेवर पोहोचला नाही, तर नारळी पौर्णिमेचा मुहूर्त सोडून द्यावा आणि नवरात्रापर्यंत थांबावे.

पहिल्या नियमित अंकाआधी पुढील चार अंक भरतील एवढा, शिळा न होणारा मजकूर हाताशी हवा. पहिले आठ आठवडे संपादकाने दर आठवड्याला एका बंदरात अंकाच्या गठ्ठ्यासोबत स्वतः उतरावे आणि वाचणाऱ्याच्या शेजारी बसून तो कोणते पान आधी उघडतो, कोठे थांबतो आणि काय न वाचताच उलटतो, हे पाहावे. न वाचता उलटली जाणारी जागा सहसा उद्घाटनांच्या आणि सत्कारांच्या छायाचित्रांची असते. नवव्या अंकापासून ती जागा दरपत्रकाला द्यावी.